संध्याकाळची उसळी

पद्मजा मगदूम यांना त्या सकाळी ‘शिट्टी’ हा शब्द आठवेना.

कृष्णेच्या घाटावर उन्हाळी पोहण्याचा वर्ग चालू होता. पाठीला डबे बांधलेल्या मुली कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. पद्मजाबाईंना पायरीवर बसलेल्या मैत्रिणीला, शेडबाळे काकूंना, एवढंच सांगायचं होतं, की माझी शिट्टी द्या. पण तोंडातून निघालं ते भलतंच काहीतरी. काकूंना आधी वाटलं, बाई चेष्टा करताहेत. मग त्यांचं लक्ष गेलं, बाईंच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. काकूंनी मुलींना पाण्याबाहेर काढलं आणि रिक्षा करून बाईंना मिरजेच्या इस्पितळात नेलं. अर्ध्या वाटेत ओठ जागेवर आला. मुलींना घरी कोण सोडणार, असं बाईंनी अगदी स्वच्छ विचारलं, तेव्हा काकूंना रडू फुटलं.

पद्मजाबाई सांगलीतल्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त झाल्यावरही गावातल्या निम्म्या बायका त्यांना ‘मगदूम बाई’च म्हणत, कारण त्यांतल्या बहुतेकींना पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. वीसेक वर्षांचा मधुमेह होता. त्यांचे यजमानही मधुमेहीच. सकाळी फिरायला गेलेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले, तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा सन्मती पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो सांगलीला पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. पुढे तो पुण्यातच राहिला. आता तो एका पूर-इशारा केंद्रात काम करत होता. कोणत्या नदीचं पाणी किती चढलं, कोणत्या गावाला कधी इशारा द्यायचा, हे तो पडद्यावरच्या रेषा बघून ठरवायचा, आणि त्यात त्याचा हात धरणारा केंद्रात कोणी नव्हता.

आईला झालं ते कळल्यावर दुपारी तो इस्पितळात हजर झाला. डॉ. शाहीन मुजावर यांनी त्याला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. बाईंच्या मानेतली डावी धमनी आतून अरुंद झाली होती. तिथे रक्ताची एक बारीक गुठळी तयार झाली, मेंदूकडे गेली आणि सुदैवाने आपोआप विरघळली. पुढची विरघळेलच असं नाही.

सन्मतीने विचारलं, की आई तर रोज न चुकता रक्त पातळ करायची गोळी घेते, मग गुठळी झालीच कशी?

डॉक्टर म्हणाल्या, की मुळात त्या गोळीने रक्त पातळ होत नाही, आपण उगीच तसं म्हणतो. रक्तात प्लेटलेट नावाचे अगदी बारीक, तबकडीसारखे कण फिरत असतात. बोट कापलं की ते तिथे धावतात, एकमेकांना चिकटतात आणि जखम बुजवतात. एरवी ते शांत असतात. पण साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ते चिडके होतात. जखम नसतानाही, नसेच्या आत नुसता खडबडीत भाग लागला तरी चिकटायला बघतात. त्या गोळीतलं अ‍ॅस्पिरिन त्यांना गप्प करतं. ज्या प्लेटलेटला ते एकदा लागलं, ती मरेपर्यंत गप्प राहते. अडचण अशी, की मधुमेह्याच्या शरीरात जुन्या प्लेटलेट लवकर संपतात आणि नव्या भराभर तयार होतात. सकाळच्या गोळीने सकाळच्या प्लेटलेट शांत झाल्या, तरी रात्रीपर्यंत गोळी न लागलेल्या नव्या प्लेटलेट रक्तात आलेल्या असतात. दिवसाचा शेवटचा भाग बिनपहाऱ्याचा जातो.

“मग जास्त जोरदार औषध द्या,” सन्मती म्हणाला.

दिलं. मानेतल्या धमनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला आणि जोरदार औषध सुरू केलं. त्याने गुठळी झाली नाही, पण महिन्याभरातच पोटात रक्तस्राव झाला आणि बाईंना तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. औषध कमी केलं तर गुठळीची भीती, वाढवलं तर रक्तस्रावाची. या दोन्हींच्या मधली वाट फारच अरुंद होती, आणि ती दर तासाला थोडी इकडेतिकडे सरकत होती.

त्या वर्षी ‘समतोल’ नावाचं यंत्र मोठ्या शहरांबाहेरही मिळू लागलं होतं. डॉक्टरांनी तेच सुचवलं. नाण्याएवढी एक चकती गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवायची. तिच्यात केसाहून बारीक नळी असते आणि नळीला आतून जखमेसारखा थर दिलेला असतो. तिथून जाणाऱ्या रक्तातल्या किती प्लेटलेट त्या थराला चिकटतात, ते चकती सतत मोजते आणि त्याचा एक आकडा काढते, चिकटांक. तो साठच्या वर गेला तर गुठळीचा धोका, पंचविसाच्या खाली गेला तर रक्तस्रावाचा. आकडा चढू लागला की चकती स्वतःच औषधाचा कणभर डोस सोडते. हे औषध तासाभरात उतरतं, त्यामुळे जेवढं हवं तेवढंच आणि हवं तेव्हाच मिळतं.

चकती बसवून घेण्यात पद्मजाबाईंना काही वाटलं नाही. पाण्यात चालेल का, एवढं त्यांनी विचारलं. चालेल म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. आकडा घरच्या आणखी एका माणसाच्या फोनवर दिसण्याची सोय होती. सन्मतीने तिथल्या तिथे स्वतःचा नंबर दिला.

पुण्याला परतल्यावर त्याने फोनमध्ये आईच्या चिकटांकाची रेषा लावून घेतली. केंद्रातल्या नद्यांना असायचे तेच रंग तिला दिले. पंचावन्नला पिवळी रेघ, साठला लाल. पहिले काही दिवस रेषा सपाट राहिली, तेव्हा त्याला कितीतरी वर्षांनी शांत झोप लागली. वडील गेल्यापासून सांगलीहून फोन आला की तो ताडकन उठून उभा राहायचा. आता आई कशी आहे हे कोणाला विचारायची गरजच नव्हती. खिशात हात घातला की कळत होतं.

मग उसळ्या दिसायला लागल्या.

पहिली उसळी सकाळची होती, पोहण्याच्या वेळची. थंड पाण्यात मेहनत केली की आकडा थोडा वेळ चढतो आणि मग आधीपेक्षाही खाली येतो, ते चांगलंच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सन्मतीने त्यातला ‘चढतो’ एवढाच शब्द धरला. त्याने आईला घाट बंद करायला लावला. पद्मजाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी वर्ग एका जुन्या विद्यार्थिनीकडे सोपवला आणि त्या घरी बसू लागल्या.

दुसरी उसळी संध्याकाळची होती, आणि ती मोठी होती. साडेसात वाजायच्या सुमाराला रेषा उठायची, आठपर्यंत लाल रेघ ओलांडायची आणि साडेआठनंतर हळूहळू उतरायची. हे रोज व्हायचं. सन्मती आठ वाजता फोन करायचा, त्यामुळे फोनवर बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर ती चढलेली रेषा असायचीच. तो आईला विचारायचा, साडेसातला काय करत होतीस? कोण आलं होतं? काय खाल्लंस? साखर किती आली? ती का वाढली? चाललीस का? किती चाललीस?

त्या वेळी शेडबाळे काकू आलेल्या असायच्या. दोघी पत्ते खेळायच्या आणि भांडायच्या. काकू पत्ते लपवतात असा बाईंचा आरोप होता, आणि तो खराही होता. सन्मतीने काकूंना वेगळा फोन करून अगदी नम्रपणे सांगितलं, की आईला त्रास होतो, तेव्हा काही दिवस संध्याकाळचं येऊ नका. काकू दुखावल्या, पण यायच्या थांबल्या.

उसळी मात्र थांबली नाही. मग त्याने टीव्हीवरची मालिका बंद करायला लावली. मग संध्याकाळचा चहा. मग जेवणाची वेळ बदलली. एक एक गोष्ट आईच्या दिवसातून निघत गेली आणि रेषा पूर्वीपेक्षाही उंच जाऊ लागली. जितकी ती उंच जाई तितकं चकती औषध सोडत राही. पद्मजाबाईंच्या दंडांवर, मनगटांवर निळे डाग पडू लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. इस्पितळाकडे रोजची सरासरी जात होती. ती ठीक होती, म्हणून तिथे कोणाला शंका आली नाही. आणि हे डाग पद्मजाबाईंनी कोणाला दाखवले नाहीत.

पावसाळा संपत आला होता. एका संध्याकाळी त्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या आणि खाली फोन वाजला. सन्मतीने त्या दिवशी जरा लवकर केला होता. तीन-चार वेळा वाजेपर्यंत उचलला नाही तर तो शेजाऱ्यांना फोन लावतो, हे त्यांना माहीत होतं. त्या घाईघाईने जिना उतरू लागल्या आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरल्या. उजवी पोटरी पायरीच्या कडेवर आपटली. कळ मस्तकात गेली. तरी फरशीवर बसूनच त्यांनी फोन उचलला, आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

सकाळी पोटरी फुगून घट्ट झाली होती आणि पायाची बोटं बधिर वाटत होती. तेव्हा मात्र त्यांनी शेडबाळे काकूंना बोलावलं. काकू सगळा राग विसरून आल्या. पुन्हा रिक्षा झाली, पुन्हा मिरज. डॉ. मुजावर यांनी पाय पाहिला आणि सन्मतीला फोन केला.

तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेरच थांबवून परिस्थिती सांगितली. पोटरीच्या आत अजून रक्त झिरपत होतं. चकतीने काल संध्याकाळी नेमका मोठा डोस सोडला होता, म्हणून साध्या मारानेही एवढा रक्तस्राव झाला. साठलेल्या रक्ताचा दाब वाढत होता. आज दुपारीच ते काढून टाकलं नाही तर पाय कायमचा अधू होण्याची भीती होती. पण शस्त्रक्रिया करायची तर औषध पूर्ण बंद करायला हवं होतं. आधी तासभर, नंतर जखम धरेपर्यंत आणखी काही तास.

“आणि मानेतला स्टेंट?” सन्मतीने विचारलं.

“तोच प्रश्न आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “एवढे तास औषध नसेल. त्यात प्लेटलेट खवळल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होईल. आकडा साठच्या खाली राहिला तर आपण यातून सुटू. शस्त्रक्रियेपुरती भूल देऊ, पण नंतर त्यांना झोपेचं औषध देता येणार नाही. झटका आला तर तो बोलण्यातूनच कळेल. त्यांनी जागं राहायला हवं, बोलत राहायला हवं. आणि शांतही राहायला हवं.”

सन्मती खोलीत गेला. पद्मजाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. शेडबाळे काकू त्यांना कोणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होत्या. उशाशी लावलेल्या पडद्यावर आकडा होता बावन्न. सन्मतीने आईच्या हातावरचे निळे डाग पाहिले आणि त्याचा धीर सुटला. काल फोनवर का सांगितलं नाहीस, हे डाग कधीपासून आहेत, सकाळची साखर मोजलीस का, असं तो एकामागून एक विचारत गेला. आई प्रत्येक प्रश्नाला हळू आवाजात उत्तर देत होती. आकडा सत्तावन्न झाला. मग त्रेसष्ट. मग सत्तर.

डॉक्टर दारात उभ्या होत्या. एका सहीचं निमित्त करून त्यांनी सन्मतीला बाहेर बोलावलं आणि काचेतून आत बघायला सांगितलं. काकूंनी लग्नाची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली. काही मिनिटांतच आकडा साठच्या खाली आला.

“आता आत जा,” डॉक्टर म्हणाल्या. “काही बोलू नका. नुसते उभे राहा.”

तो गेला. आईने त्याच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि आकडा पुन्हा चढू लागला.

सन्मतीला पुढे काही सांगावं लागलं नाही. चढत्या रेषा वाचणं हेच त्याचं काम होतं. गावात पाणी शिरतं ते आठ वाजता, पण धरणातून ते आधीच सुटलेलं असतं, हे तो रोज लोकांना समजावून सांगत असे. साडेसातला काय घडतं हे शोधत त्याने काकूंना घालवलं, चहा बंद केला, मालिका बंद केली. साडेसातला काहीच घडत नव्हतं. आठ वाजता त्याचा फोन येणार, याची आई साडेसातपासून तयारी करत होती. भीतीने, काळजीने शरीरात जे द्रव्य सुटतं ते प्लेटलेटना आणखी चिडवतं, हेही डॉक्टरांनी आता सांगितलं. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, की मी इथेच बाहेर बसतो, संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर जात नाही. डॉक्टरांना ते पटण्यासारखं होतं. पण निरोप घेऊन आत गेलेल्या काकू लगेच परत आल्या. बाई म्हणतात, त्याला आत पाठवा.

तो दाराशी जाऊन उभा राहिला.

“बस इथे,” पद्मजाबाई म्हणाल्या. “तू बाहेर बसलास तर मला जास्त काळजी लागेल. फक्त माझ्याकडे असा बघू नकोस.”

“कसा?”

“पेपर तपासायला घेतल्यासारखा.”

त्याने मान खाली घातली. मग त्याने विचारलं, “तुला माहीत होतं? उसळी माझ्यामुळे येते ते?”

“अंदाज होता.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू फोन करायचा थांबला असतास,” त्या म्हणाल्या. “आणि तू यायचास ते दोन दिवाळ्यांनी एकदा. फोन गेला असता तर मग काय उरलं असतं?”

त्याने आईचा हात हातात घेतला, डाग नसलेल्या बाजूने. तेवढ्यात चकतीचं औषध बंद केल्याचं परिचारिकेने सांगितलं. तासाभराने पद्मजाबाईंना आत नेलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. वाटीभराहून जास्त साकळलेलं रक्त निघालं, आणि पायाची बोटं पुन्हा गरम झाली. भूल उतरताना त्यांचा आकडा अठ्ठेचाळीस होता.

खरी परीक्षा त्यानंतर होती. जखमेतून अजून पाझरत होतं, म्हणून औषध लगेच सुरू करता येत नव्हतं. जसजशी भूल उतरली तसतसा पाय ठणकू लागला, आणि ठणक्याबरोबर आकडा वर सरकू लागला. परिचारिका थोड्या थोड्या वेळाने येऊन बाईंना दोन्ही हात वर करायला लावी, महिन्यांची नावं म्हणायला लावी. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असं सगळं नीट येत होतं. पण आकडा पंचावन्नला पोचला होता आणि काकू एव्हाना घरी गेल्या होत्या. खोलीत सन्मती एकटा होता. आईशी काय बोलावं हे त्याला सुचेना. गेल्या कित्येक महिन्यांत तो तिच्याशी साखर, गोळ्या आणि आकडे सोडून कशाबद्दल बोललाच नव्हता.

शेवटी त्याने विचारलं, “पहिल्या दिवशी मुलींना तू काय शिकवतेस?”

त्याला पोहता येत नव्हतं. सगळ्या सांगलीला पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा मुलगा पाण्याला भिऊन काठावर बसायचा, याची गावाने लहानपणी पुष्कळ थट्टा केली होती. तेव्हापासून घरात हा विषय कोणी काढत नसे. पद्मजाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“पहिल्या दिवशी काही नाही शिकवत,” त्या सावकाश म्हणाल्या. “हातपाय मारायचे नाहीत एवढंच. नुसतं उताणं पडायचं. माझा हात पाठीखाली असतो.”

“आणि मग?”

“मग कान बुडवायचे. तिथेच सगळ्या घाबरतात. तोंड बाहेर असतं, नाक बाहेर असतं, श्वास चालू असतो, पण कानात पाणी गेलं की आवाज बंद होतात आणि वाटतं आता गेलो. तुझंही तेच व्हायचं. कान बुडाले की तू माझ्या गळ्याला अशी मिठी मारायचास, की मीच बुडायला आले होते एकदा.”

सन्मती हसला. आईही हसली, आणि पाय दुखला म्हणून तिने ओठ आवळले. पण ती बोलत राहिली. घाबरलेल्या मुलीची मान कशी दगडासारखी होते, ती सैल पडेपर्यंत कसं थांबायचं, तिच्याशी भलत्याच गोष्टी कशा बोलायच्या, आज डब्यात काय आणलंस, तुझ्या मांजराला पिल्लं झाली का. पाठीखालचा हात कधी काढायचा हे आधी ठरवता येत नाही, हाताला कळतं. हात काढलेला मुलीला कळत नाही. ती तशीच तरंगत राहते, आभाळाकडे बघत, आणि मग कधीतरी तिच्या लक्षात येतं.

तो विचारत गेला. सगळ्यांत लवकर कोण शिकलं, सगळ्यांत उशिरा कोण, मोठ्या बायका येतात तेव्हा त्यांना कशाची लाज वाटते. आठवी पास होऊन दुसऱ्या दिवशी लग्न ठरलेली एक मुलगी चाळिशी ओलांडल्यावर परत आली आणि म्हणाली, बाई, माझा वर्ग अर्धा राहिलाय. सन्मतीला ही गोष्ट माहीतच नव्हती. त्याला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या.

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आपण खूप वेळात पडद्याकडे पाहिलेलं नाही. त्याला पाहावंसं वाटलं. त्याने खुर्ची थोडी फिरवली आणि पडद्याकडे पाठ केली.

डॉक्टर आल्या तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी पट्टी उघडून पाहिली. पाझर थांबला होता. त्यांनी हात वर करायला लावले, नाव विचारलं, गाव विचारलं. पद्मजाबाईंनी गावाबरोबर घाटाचाही पत्ता सांगितला आणि डॉक्टरांना विचारलं, की तुम्हाला पोहता येतं का. डॉक्टरांना येत नव्हतं. मग त्यांनी पडद्यावरची, औषध बंद केल्यापासूनची रेषा मागे नेऊन पाहिली, आणि सन्मतीच्या खांद्यावर हात ठेवला.

“एकदाही साठच्या वर गेला नाही,” त्या म्हणाल्या. “आता औषध सुरू करूया.”

सन्मती बाहेर व्हरांड्यात आला. समोरच्या टपरीवरून त्याने चहा घेतला आणि तो उभ्या उभ्याच प्यायला. मग त्याने फोन काढला आणि आईच्या चिकटांकाचं पान उघडलं. आकडा दिसणं बंद करायची खूण अगदी खाली होती. तिच्यावर बोट ठेवल्यावर यंत्राने विचारलं, नक्की ना? तो बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिला. मग त्याने हो म्हटलं. पान कोरं झालं. इस्पितळात डॉक्टरांना आकडा दिसणार होता, चकती आपलं काम करणार होती. त्याने पाहण्याची गरज कधी नव्हतीच.

आठवडाभर तो सांगलीतच राहिला. शेडबाळे काकूंकडे जाऊन त्याने त्यांना पुन्हा यायला सांगितलं. काकूंनी थोडे आढेवेढे घेतले आणि त्याच संध्याकाळी पत्ते घेऊन आल्या. महिन्याभराने पद्मजाबाई तपासणीला गेल्या, तेव्हा चकती सोडत असलेलं औषध निम्म्यावर आलं होतं आणि हातावर एकही डाग नव्हता. पाण्यात उतरायची परवानगी डॉक्टरांनी त्याच दिवशी दिली.

पुण्यात सन्मतीला आठ वाजता फार अवघड जायचं. पहिले काही दिवस तो त्या वेळी घरात येरझाऱ्या घालायचा. कधी दुपारी फोन करायचा, कधी सकाळी, कधी करायचाच नाही. साखरेचा प्रश्न जिभेवर यायचा आणि तो गिळून टाकायचा. आई सांगेल तेवढं ऐकायचं, असं त्याने ठरवलं होतं. हळूहळू तेही जमू लागलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी तो केंद्रात बसला होता. नद्या उतरलेल्या होत्या, पडद्यावरच्या सगळ्या रेषा खाली होत्या आणि सहकारी जेवायला गेले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता.

आई कधी फोन करत नसे. चकती बसवल्यापासून तिने एकदाही स्वतःहून केला नव्हता, कारण तिला करायची वेळच आली नव्हती. प्रत्येक वेळी त्यानेच केला होता. तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली.

“आई? काय झालं?”

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, आणि कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

“काही नाही रे,” पद्मजाबाई म्हणाल्या. “सहज केला.”